दम सुटायच्या आत

मी, अंबरीश त्र्यंबकराव मांजरमकर, वय ७२, धंदा ग्रंथप्रकाशन व मासे धरण्याविषयी लेखन, राहणार भाग्यनगर, नांदेड, आज शुद्धीवर राहून लिहून ठेवतो की माझी फुफ्फुसं गेलेली आहेत, डोकं गेलेलं नाही. नाकात नळी आहे. नळीतून प्राणवायू येतो, अक्कल येत नाही, त्यामुळे खाली जे काही आहे ते माझंच आहे. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणण्याइतकं माझ्याजवळ कोणी बसतच नाही.

मी सांगतो आहे आणि माझ्या प्रकाशनात एकवीस वर्षं अक्षरजुळणी करणारी रेणुका इबितवार संगणकावर उतरवते आहे. तिला ताकीद आहे की मी बोलेन ते सगळं उतरवायचं. ती मध्ये बोलली तर तेही.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात मी फार गोड बोललो होतो. ते रद्द समजावं. त्यातलं नववं कलम विशेष करून रद्द. ते असं होतं : लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या कापडात बांधलेलं हस्तलिखित आहे, ते न उघडता माझ्या चितेवर ठेवावं. ते चितेवर ठेवू नये. त्याचं काय करायचं ते पुढे येईलच, पण आधी किरकोळ माणसं उरकून घेतो.

कलम १. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर अध्यक्षांनी दोन मिनिटं उभं राहावं आणि बसावं, मध्ये बोलू नये. मला निरनिराळ्या समारंभांत मिळालेल्या तेवीस शाली दिवाणाखाली आहेत. एकही अंगावर घेण्याजोगी नाही, पाण्यात घातली की रंग सोडते. त्या ज्या ज्या संस्थांनी दिल्या त्यांना परत पाठवाव्यात. त्यांना पुढच्या सत्कारमूर्तीसाठी लागतीलच.

कलम २. माझं मासे धरण्याचं सामान. वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगतो : मी गांडूळ लावून बसणारा माणूस नव्हे. मी कोंबड्याच्या पिसांची माशी बांधायचो, बारीक गळावर, रेशमाच्या दोऱ्याने, आणि लवचीक काठीने ती पाण्यावर अशी टाकायचो की माशाला वाटावं आत्ताच येऊन बसली. ही विद्या मला विष्णुपुरीचं धरण होत असताना तिथे आलेल्या एका परदेशी सल्लागाराने दिली. जाताना काठीही दिली. नांदेडात मला चाळीस वर्षं ‘पिसवाले सर’ म्हणत. आमच्या घरात तर मासा शब्दही उच्चारत नसत. मीही आयुष्यात एक मासा खाल्लेला नाही. धरायचा, बघायचा, सोडून द्यायचा. गळाचा उलटा काटा मी कानशीने घासून टाकायचो, म्हणजे गळ काढताना तोंड फाटत नाही.

ती परदेशी काठी मोडून टाकावी. कोणाला देऊ नये. चिरंजीव ती दिवाणखान्यात खिळ्यावर लावतील आणि खाली माझा फोटो, मला ते नको आहे.

दुसरी एक काठी आहे, किनवटच्या बांबूची, हाताने घडवलेली. ती माझी नाही. ती कोणाची ते पुढे.

कलम ३. प्रा. उद्धव भातांगळीकर, लातूर. या गृहस्थांनी २०१२ साली माझ्या ‘पाण्यावर पीस’ या पुस्तकावर एका दैनिकात लिहिलं होतं, “सातवं प्रकरण सोडलं तर पुस्तकात पाणी भरपूर आहे, मासा नाही.” वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नाही. लातूरला एका लग्नात ते पंगतीत शेजारी बसले तेव्हा मी पानावरून उठलो. आता लिहून देतो की त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्यांना माझी एकही वस्तू देऊ नये. मात्र या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी त्यांचीच नेमणूक करतो. माझ्या मुलांवर त्यांची माया नाही, हीच त्यांची पात्रता.

कलम ४. चिरंजीव मिहिर. हे लातूरला शिकवणी वर्ग चालवतात. दीडशे पोरं एका पत्र्याखाली बसवतात आणि मोटारी बदलतात. एकदाच मी त्यांना नदीवर नेलं होतं. तीन तास बसून म्हणाले, “बाबा, याचा निकाल काय?” घराचा खालचा मजला त्यांना दिला. ‘पाण्यावर पीस’च्या न विकलेल्या सहाशे चाळीस प्रतीही त्यांनाच. त्यांनी त्या आपल्या विद्यार्थ्यांना एकेक वाटाव्यात.

पण वाटण्याआधी एक काम आहे. प्रत्येक प्रतीतून पान ९७ ते ११० पात्याने कापून काढायची. हे काम मजुराकडून करून घ्यायचं नाही. मिहिर आणि त्यांची बहीण मनस्विनी, दोघांनी माझ्या खोलीत जमिनीवर बसून करायचं. ही चौदा पानं म्हणजे सातवं प्रकरण. प्रकरणाचं नाव ‘दम’.

रेणुका इथे थांबली. म्हणाली, “सर, त्याच्यावरच तर तुम्हाला बक्षीस मिळालं होतं.”

हो. म्हणूनच.

कलम ५. आनंदराज सोनसळे. हे कलम मोठं आहे. कंटाळा आला तर वकिलांनी चहा प्यावा, पण गाळू नये.

आनंदराज विष्णुपुरीला एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होता. गोदावरीकाठच्या वस्तीतला. लहानपणी हाताने मासे धरून खाल्लेला, कारण घरात दुसरं काही नसायचं. मी धरणाखाली पीस टाकत असायचो आणि तो सुट्टी झाली की सायकल लावून बघत उभा राहायचा. पहिल्या दिवशी मी एक खडस जातीचा मासा धरला, हातात घेऊन न्याहाळला, पाठ कुरवाळली, फोटो काढला आणि सोडला. तो पोट वर करून वाहत गेला. आनंदराज म्हणाला, “सर, सोडायचाच हाय तर धरायचा कशाला?” मी त्याला छंद, सौंदर्य वगैरे ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मग असं करा. मासा बाहेर काढला की तुमी बी दम रोखा. तुमचा दम सुटायच्या आत त्याला पाण्यात घाला. म्हंजी कळंल, किती वेळ बघावं ते.”

त्या दिवसापासून मी तसं केलं. माझा दम पन्नास सेकंद टिकायचा. त्यानंतर माझ्या हातून एकही मासा मेला नाही. महाराष्ट्रात जे चार लोक माझं नाव जाणतात ते या नियमामुळे. त्याला ‘अंबरीश नियम’ म्हणतात. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

सतरा वर्षं आम्ही बरोबर नदीवर गेलो. किनवटच्या जंगलातून बांबू आणून त्याने मला काठी करून दिली, तीच वर सांगितलेली. २०१० साली त्याने माझ्यापुढे दोनशे बारा पानांचं हस्तलिखित ठेवलं. नदीकाठचं त्याचं लहानपण, मासे, आई सरजाबाई. म्हणाला, “सर, तुमचं बघून लिहून राहिलो होतो. छापण्याजोगं हाय का बघा.”

मी मनात प्रस्तावना तयार ठेवली होती. वंचितांचा आवाज, अनघड शैली, दाहक अनुभव. लेखकाला खांद्यावर हात ठेवून बसवायचे शब्द असतात ते सगळे. मग पहिलं पान वाचलं.

“मासा शिजत असला की आई दार लावून घ्यायची. वास गेला तर शेजारी येतील म्हणून नव्हे. येतील आणि वाटणी पुरणार नाही, आणि ते उपाशी परत जातील, ते तिला बघवायचं नाही म्हणून.”

तीन पुस्तकं लिहून मला असं एक वाक्य लिहिता आलेलं नाही. माझ्या पोटात दुखलं. दुसरा शब्द नाही. एका प्रयोगशाळा सहायकाने, ज्याला मी दहा वर्षं ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होतो, त्याने मला एका पानात गुंडाळून ठेवलं. मी ते हस्तलिखित त्या आठवड्यात दोनदा वाचलं. आणि त्याला सांगितलं, “बरं आहे. काम करावं लागेल. दिवाळीनंतर बघू.”

दिवाळीनंतर मी त्यातली चौदा पानं माझ्या पुस्तकात घातली. दम रोखण्याचा सगळा भाग. ‘माझी आई’ होतं तिथे ‘नदीकाठची एक म्हातारी’ केलं. बाकी स्वल्पविरामही तेच ठेवले, कारण ते बरोबर होते.

रेणुका म्हणते, “सर, मीच टाइप केलं होतं ते. तुमच्या अक्षरात होतं.” माझ्या अक्षरातच होतं, बाई. मी बसून उतरवून काढलं होतं. तुला कळू नये म्हणून.

पुस्तक आलं, बक्षीस आलं. मी स्वतः सही करून आनंदराजला प्रत दिली. नाही दिली असती तर संशय आला असता. आठ दिवसांनी तो आला. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, “सर, सातवं लई चांगलं उतरलंय. माझ्यावानीच झालंय.” आणि हसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्या हसण्यात काही सापडलं नाही. मग त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. “माझ्या पुस्तकाचं अर्पणाचं पान द्यायचं ऱ्हायलं होतं. हे पहिलं लावा.” मी तो कागद घेतला. त्यावर काय आहे ते शेवटी सांगतो.

त्यानंतर तो दर दिवाळीनंतर यायचा. “कुठवर आलंय सर?” मी कारणं द्यायचो. २०१४ साली कारणं संपली, तेव्हा मी चित्रकाराकडून एक मुखपृष्ठ करून घेतलं. नदी, सायकल, वर त्याचं नाव. छापून त्याच्या हातात दिलं. माणूस रडला. घरी नेऊन त्याने त्याला काचेची चौकट करून भिंतीवर लावलं. पाहुणे आले की सांगायचा, “आधी कव्हर आलंय, आतलं मागून येऊन राहिलंय.”

२०१८ साली त्याची मूत्रपिंडं गेली. मी दवाखान्यात भेटायला गेलो, मोसंबी घेऊन. त्याने डोळे उघडून तेच विचारलं. मी म्हणालो, “छापून झालं. बांधणी चालू आहे.” तो म्हणाला, “मग झालंच की.” तिसऱ्या दिवशी गेला. त्याची मुलगी तनुजा त्यानंतर वर्षभर नांदेड, देगलूर, लातूर इथल्या पुस्तकांच्या दुकानांत बापाचं पुस्तक विचारत फिरत होती. हे मला एका दुकानदाराने हसत सांगितलं. मीही हसलो.

हे मी पश्चात्तापाने लिहितो आहे असं कोणी समजू नये. पश्चात्ताप झालेला माणूस पंधरा वर्षं थांबत नाही. मला ते पुस्तक माझ्याबरोबर जळायला हवं होतं. तसं लिहूनही ठेवलं होतं. मग गेल्या महिन्यात तनुजा घरी आली.

ती किनवटला आश्रमशाळेत शिक्षिका आहे. चाळिशीकडे आलेली. पिशवीतून तिने ती चौकट काढून टेबलावर ठेवली. मुखपृष्ठाचा रंग उडून सायकल दिसेनाशी झाली आहे. मला वाटलं आता भांडेल. मी तयार होतो, उत्तरं पाठ होती. ती म्हणाली, “काका, बाबांचं पुस्तक कितव्या पानावर थांबलंय?”

मी म्हणालो, “सापडत नाही गं. घर बदललं, कागद इकडेतिकडे झाले.” मी चाळीस वर्षांत घर बदललेलं नाही. ती ज्या खुर्चीवर बसली होती तिथून लोखंडी कपाट चार हातांवर होतं.

“बरं,” ती म्हणाली. “सापडलं तर कळवा. दुसरी प्रत न्हाई आमच्याकडं. बाबांनी एकच लिहिली, हातानं.” रेणुकाने केलेला चहा प्याली. कप विसळून ठेवला. जाताना नळीकडे बघून म्हणाली, “काका, श्वासाला लई त्रास होतो का?”

ती गेल्यावर मी घड्याळ समोर ठेवलं, नळी काढली आणि दम रोखून बघितला. अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माशाच्या तोंडातला गळही निघत नाही. मी घाबरलो, हे लिहायला हरकत नाही. मरणाला नाही. मी गेल्यावर मिहिर ते कपाट किल्लीसकट भंगारात देईल आणि चितेवरसुद्धा काही जाणार नाही, याला घाबरलो. आणि तिच्याकडे दुसरी प्रत नाही.

कलम ६. सौ. मनस्विनी, माझी कन्या. मराठीच्या प्राध्यापक. माझ्या लेखनावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळंच्या सगळं ‘दम’वर आहे. त्यात एक वाक्य आहे की ‘नदीकाठच्या म्हातारी’च्या चित्रणात लेखकाची अभिजात करुणा दिसते. बाई, ती म्हातारी सरजाबाई सोनसळे. करुणा तिच्या पोराची. तुझ्या बापाचा फक्त ‘नदीकाठची एक’ एवढा भाग.

घराचा वरचा मजला मी मनस्विनीला देतो, या अटीवर : कपाटातलं हस्तलिखित आणि बांबूची काठी घेऊन तिने स्वतः किनवटला जावं आणि दोन्ही तनुजाच्या हातात द्यावं. रेल्वेने जावं. मोटार करून जाऊ नये, मोटार अर्ध्या वाटेतून वळवता येते. प्रबंधाची एक प्रत सोबत न्यावी. तनुजासमोर बसून या मृत्युपत्राचं पाचवं कलम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावं. तनुजाने काही विचारलं तर उत्तर द्यावं. माझ्या वतीने क्षमा मागू नये. क्षमा मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते, आणि तेवढाही त्रास त्या घराला आता आमच्याकडून नको. हे न केल्यास वरचा मजला तनुजाचा.

रेणुका म्हणाली, “सर, ताईचा काय दोष? तिला तर काहीच ठावं न्हाई. लई लागंल तिला. नोकरीत तोंड दाखवता येईल का तिला?”

मी म्हणालो, “लिही.”

“तुम्ही मेल्यावर तिनं भोगायचं, आन तुम्ही सुटायचं. हे बरं हाय तुमचं.”

हेही लिही, म्हणालो. तिने लिहिलं. जिवंतपणी मुलीच्या तोंडावर हे सांगण्याची छाती मला नाही, म्हणून मी तिला कागदाने सांगतो आहे. आयुष्यभर जे केलं तेच.

कलम ७. रेणुका इबितवार हिला काही दिलेलं नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकिलांनी सुचवलं, म्हणून मी तिलाच साक्षीदार केलं. संगणक आणि छपाई यंत्र मागच्याच महिन्यात तिच्या नावावर करून दिलं आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही. ती आत्ता रडते आहे. रडत असतानाही एक चूक होत नाही तिची.

कलम ८. बँकेतली मुदत ठेव तनुजाला. तिने पुस्तक कुठेही छापावं, माझ्या प्रकाशनाकडून मात्र छापू नये. माझं प्रकाशन माझ्याबरोबर बंद. प्रस्तावना कोणाची घेऊ नये, तिची गरज नाही. दोनशे बारा पानांवर पेन्सिलीने माझ्या मुद्रणदुरुस्त्या आहेत. मी ते पुस्तक अकरा वेळा वाचलं आहे, आणि दर वेळी एखादी वेलांटी सापडते का बघत होतो. एकूण नऊ चुका सापडल्या. तेवढ्या दुरुस्त करून घ्याव्यात, बाकी काहीही हलवू नये.

कलम ९. अर्पणाचं पान. घडीचा कागद हस्तलिखिताच्या वरच लावला आहे. आधी मी तो माझ्या पाकिटात ठेवला होता. तेरा वर्षं तिथे होता, घडीवर फाटत आला आहे. वाटलं होतं, निदान हा एक कागद माझ्याबरोबर न्यावा. सातवं प्रकरण वाचल्यानंतर त्या माणसाने तो माझ्या हातात दिला. भाबडेपणाने दिला की मला पुरता ओळखून, हे मी रोज ठरवत आलो आणि मला ठरवता आलं नाही. तनुजाला तो काढून टाकावासा वाटेल. मनस्विनीलाही वाटेल. माझी स्पष्ट सूचना आहे की तो काढू नये. पहिल्या पानावर, एकटाच, मोठ्या टाइपात छापावा. मजकूर असा :

‘अंबरीश सरांना,
ज्यांनी एकदा धरलेला जीव कधी मरू दिला नाही.’

या ओळींत एकही दुरुस्ती नाही.

वरील नऊ कलमं मला वाचून दाखवली. ऐकताना मी तीनदा थांबवलं, दम घेण्यासाठी, मजकूर बदलण्यासाठी नव्हे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार : (सही) अंबरीश त्र्यंबकराव मांजरमकर

साक्षीदार १ : (सही) डॉ. सिद्धेश्वर हलगे, नांदेड. लिहून ठेवणाऱ्यांना मी आज तपासलं. ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार २ : (सही) रेणुका गंगाधर इबितवार, नांदेड. सही करण्याआधी मी सरांना विचारलं, तनुजाताईंना आजच फोन लावू का, हस्तलिखित सापडलं म्हणून. सर म्हणाले, “मी मेल्यावर.” सर सांगतील ते सगळं उतरवायचं अशी मला ताकीद आहे, म्हणून उतरवलं.

स्थळ : नांदेड
दिनांक : १९ डिसेंबर २०२५